वाळूवरची नऊ माणसं

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्याचा, हे कधीकधी बायको आठवण करून देते. वैनगंगेच्या काठच्या त्या गावाचं प्रकरण मात्र मिसळलं नाही, ते वेगळंच पडून आहे. हिवाळ्यात धुकं पडलं की मी सकाळी फिरायला जात नाही, हे शेजाऱ्यांना माहीत आहे. कारण कोणाला माहीत नाही. मी इथे कोणाचंही नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही.

दुसरी लाट ओसरून लोक कुठं मोकळा श्वास घेत होते, तोच मोबाईलवर नवीन विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या. जुनाच विषाणू, पण रूप बदलून आलेला. पुन्हा जमावबंदी आली, आठवडी बाजार बंद झाले, लग्नाला माणसं मोजून. आम्ही पुन्हा चौकात उभे राहून 'मास्क वर करा' म्हणून घसा फोडू लागलो. तालुक्याच्या गावातले लोक हसत होते, हा नवा म्हणे सौम्य आहे. नदीकाठच्या खेड्यांतले लोक हसत नव्हते. ते नुसते गप्प झाले होते. पोलिसाला भांडणारा माणूस चालतो, गप्प झालेला माणूस चालत नाही. पण तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही.

अशात एका सकाळी एक बाई ठाण्यात आली. वय चाळिशीच्या आतबाहेर, वरोऱ्याला दिलेली, नवऱ्याची मोटारसायकल घेऊन पहाटेच एकटी निघून आली होती. माहेर माझ्या हद्दीत, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचं गाव. ठाणे अंमलदार तिला अर्ज लिहून द्या म्हणत होता आणि ती म्हणत होती, लिहिण्यासारखं नाही, साहेबांनाच सांगते. मी आत बोलावलं.

"साहेब, माही माय मेली म्हणून भावानं सांगतलं. बारा दिवस झाले. म्हणे, तू येऊ नको, गाव बंद आहे, माती करून टाकली."

"मग?"

"काल सकायी तिचा फोन आला."

मी पेन खाली ठेवलं. रडारड करणारी बाई असती तर पाणी देऊन वाटेला लावली असती. ही रडत नव्हती.

"आईचाच आवाज कशावरून?"

"तुमच्या मायचा आवाज तुमी ओळखान का नाई, साहेब?" ती म्हणाली. "मी हॅलो म्हटलं, तं म्हणे, 'जेवली का तू?' रोजचंच तिचं. मंग खोकलली. लय खोकलली. म्हणे, 'वाळू गार लागते बाई.' अन् फोन बंद झाला. तवापासून बंदच आहे."

दारात आमचा बीट हवालदार उभा होता. वीस वर्षं याच भागात काढलेला, नदीकाठची सगळी गावं पाठ. तो हळूच म्हणाला, "साहेब, इकडच्या काही गावात माती नदीच्या वाळूतच करते."

मला त्याचा रागच आला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या वाक्यानं अंगावर काटा आला. बाईनंही ते ऐकलं आणि ती पहिल्यांदा खुर्चीचा हात धरून बसली.

मी तिला साधं विचारलं, तुला काय हवंय. ती म्हणाली, "माय जिती असन तं मले ती पाह्यजे. तिचा खोकला चांगला नाई. उशीर झाला तं ती खरीच जाईन." वडील मागच्याच लाटेत गेले होते, हेही तिनं सांगितलं. गाडीतून नेलं आणि परत आलेच नाहीत, एवढंच.

ठाणे दैनंदिनीला नोंद घेतली आणि कामाला लागलो. माझा संशय सरळ होता. असली प्रकरणं मी पाहिली होती. जमिनीच्या तुकड्यासाठी म्हातारीला कागदोपत्री मेलेली दाखवायचं आणि कुठंतरी डांबून ठेवायचं. भाऊच आरोपी, असं मी मनात लिहूनही टाकलं होतं. फोनचं ठिकाण काढायला सांगितलं. उत्तर आलं, टॉवर गावाजवळचाच. त्या एका टॉवरवर आठदहा गावं चालतात, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

मग ग्रामसेवकाला फोन केला. मृत्यूची नोंद झाली आहे का? तो म्हणाला, झाली आहे, वार्धक्यानं. तुम्ही स्वतः गेला होता? तो चाचरला. म्हणाला, निर्बंध आहेत, गावानं वाट बंद केली आहे, नोंदी फोनवरच घेतो सध्या.

"नोंदी म्हणजे?"

"नऊ आहेत साहेब."

तीन दिवसांत नऊ मृत्यू, सगळे दहा-बारा दिवसांपूर्वीचे. जेमतेम तीस घरांचं गाव. सगळे साठीच्या वरचे, सगळे वार्धक्यानं. त्या शहाण्यानं ते वर कळवलंही नव्हतं, महिनाअखेरच्या अहवालात टाकीन म्हणाला. मी त्याला फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्याजोगं नाही. नवीन विषाणूनं एखादं गाव असं आतल्या आत खाऊन टाकलं आणि कोणाला पत्ता नाही, ही कल्पना खरोखर भयंकर होती. बाईला मी नऊचा आकडा सांगितला नाही.

दुपारी गावात गेलो. हवालदार, मी आणि मागे मोटारसायकलवर ती बाई. गावाच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेले, त्यावर पळसाच्या फांद्या. आम्ही ते सोडून आत शिरलो तरी कोणी अडवलं नाही. आरोग्य पथकवाले दारांवर खडूनं घर क्रमांक आणि माणसांची संख्या लिहून जातात. त्या गावात एकाही दारावर खडूचा आकडा नव्हता. सगळी दारं शेणानं सारवून टाकली होती. भिंत सारवतात, ओटा सारवतात. दार सारवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

माणसं होती. बायका पाणी भरत होत्या, पुरुष जाळी दुरुस्त करत बसले होते. पण काहीतरी चुकत होतं आणि ते काय, हे मला दहा मिनिटं कळेना. मग लक्षात आलं, ऐन थंडीत त्या गावात कोणी खोकत नव्हतं. जाळं विणणारा एक माणूस माझ्यासमोर लालेलाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं खोकला गिळला. आणि दुसरं असं, की गावात एकही म्हातारं माणूस नव्हतं. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसलेली म्हातारी नाही, बिडी ओढणारा म्हातारा नाही. ओटे रिकामे होते.

मी पोलीस पाटलाला विचारलं, "म्हातारी माणसं कुठं आहेत?"

तो जमिनीकडं बघून म्हणाला, "खतम झाली साहेब."

बाईचा भाऊ घरीच सापडला. पस्तिशीचा, काटक, नदीत डोंगा, म्हणजे होडी, चालवून खांदे तयार झालेला. बहिणीला पाहून त्याचा चेहरा उतरला. माती कुठं केली विचारलं तर नदीवर म्हणाला. दाखव म्हटलं. या गावात माती म्हणजे दहनच; घाटावर राखेची एक जुनी खूण होती, तिच्यातून गवत वर आलं होतं. बाकी काही नाही.

"बाकीची राख कुठं आहे?"

"नदीनं नेली."

मी नदीकडं पाहिलं. पौषातली वैनगंगा, काठापासून शंभर पावलं आत सरकलेली, मध्ये वाळूची बेटं उघडी पडलेली. ही नदी कसली नेते राख. पण मी बोललो नाही. तपासात माणसाला खोटं पूर्ण बोलू द्यावं, मध्ये टोकू नये.

परत येताना हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, नऊ घरात माती झाली म्हणते. एकाचंही डोकं बोडलेलं दिसते का तुमाले?"

खरंच होतं. दहाव्याला पोरगा डोकं बोडतो, ही त्या लोकांची न चुकणारी रीत. भावाच्या डोक्यावर दाट केस होते. मी विचारलं. तो म्हणाला, "बंदी आहे ना साहेब, न्हावी येऊन नाई राह्यला गावात."

"अस्सं? मग ही दाढी कोणी केली?"

त्याची हनुवटी त्याच दिवशी सकाळी घोटलेली होती. त्यानं नकळत हात लावून पाहिला. तिथं मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. सरकारी कागदावर आईला मारताना या माणसाचा हात थरथरला नव्हता. पण जित्या आईच्या नावानं डोकं बोडायची त्याची हिंमत झाली नव्हती, कारण ते केलं तर ती खरंच जाईल. नऊच्या नऊ घरांनी तेच केलं होतं. माणूस साहेबाशी खोटं बोलतो, देवाशी बोलायला घाबरतो. म्हणजे नऊही जण जिवंत होते. निदान डोकी बोडायच्या दिवसापर्यंत तरी.

त्याला चौकशीला ठाण्यात आणलं. त्या काळातली चौकशी म्हणजे एक तऱ्हाच होती. खोलीत बसायचं नाही, व्हरांड्यात सहा फुटांवर खुर्च्या, दोघांच्या तोंडाला मास्क. तपासातलं अर्धं काम समोरच्याच्या ओठांकडं बघून होतं, ते सगळं झाकलेलं. दोन तास तो ताकास तूर लागू देईना. दटावून पाहिलं, साथरोग कायद्यातली कलमं सांगितली, चहा दिला. चहा प्यायलाही त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

शेवटी मी बहिणीला बोलावून समोर बसवलं. तिनं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "माय लय खोकलते भाऊ. मले फोन केलता तिनं."

तो ताडकन वळला. "कोणता फोन? तिच्यापाशी फोन कुठी आहे?"

"लुगड्यात लपवून नेला असन. खोकलून खोकलून बोलता येऊन नव्हतं राह्यलं तिले. वाळू गार लागते म्हणे."

"डबा तं रोज खाली येते, एक शीत राहत नाई," तो म्हणाला. मग पुन्हा तेच, हळू आवाजात, "डबा तं रोज खाली येते ना."

आणि तो रडायला लागला. गडी माणसाचं रडणं मी पुष्कळ पाहिलं आहे, त्यातलं निम्मं नाटक असतं. हे नव्हतं. बहिणीनं सहा फूट वगैरे सगळं सोडून त्याचं डोकं धरलं आणि मीही तिला अडवलं नाही.

मग सगळं बाहेर आलं. नवीन विषाणू निघाल्याची बातमी मोबाईलवर आली आणि त्या मागोमाग आरोग्य पथक यादी करायला आलं. साठीच्या वरचे किती, खोकणारे किती. मागच्या लाटेतही अशीच यादी झाली होती. तिच्यात त्याच्या बापाचं नाव होतं. नुसता खोकला होता. गाडी आली, घेऊन गेली, आणि माणूस परत आला नाही. गावातले आणखी दोघं तसेच गेले.

"बाबाचं काईच वापस नाई आलं साहेब. चप्पल भी नाई. मायनंच सांगतलं, मले कागदावर मारून टाक. मेलेल्या माणसाले कोण नेते? मंग बाकीच्या घरांनी भी तसंच केलं."

"आणि ठेवलं कुठं त्यांना?"

त्यानं मान वर केली. माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुमीच होते साहेब," तो म्हणाला.

"कुठं?"

"जिल्ह्याले. मुडदाघराच्या दारावर. मी सकायपासून उभा होतो. तुमाले म्हटलं, बाबाचं तोंड पाहू द्या, दुरूनच. तुमी म्हणे, नियम नाई, पुढं चला. तोंड झाकलं होतं तुमचं, पण आवाज तं हाच होता."

मागच्या लाटेत पंधरा दिवस माझी तिकडं बंदोबस्ताला नेमणूक होती, ही गोष्ट खरी. हा माणूस मला आठवला नाही. त्या दारावरून मी किती जणांना पुढं चला म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. तिथं रांग होती, आरडाओरडा होता, आणि कोणीतरी ते म्हणायला हवंच होतं. पण व्हरांड्यात त्या क्षणी चौकशी कोण कोणाची करत होतं, हे मला कळेनासं झालं. मला शरम वाटली. युनिफॉर्म घालून इतकी शरम मला त्याआधी वाटली नव्हती.

"मायले घेऊन जान तं वापस आणान का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "मी स्वतः आणीन. जशी असेल तशी आणीन, आणि तुला तोंड दाखवीन."

असा शब्द द्यायचा मला काही अधिकार नव्हता. तरी दिला. तेव्हा त्यानं सांगितलं, डांगरवाडीत आहेत.

त्या भागातली मासेमारी करणारी माणसं हिवाळ्यात पाणी उतरलं की नदीच्या पात्रातल्या वाळूवर डांगराचे, काकडीचे वेल लावतात. तिथंच तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, झोपड्या घालून उन्हाळ्यापर्यंत राखण करतात, तीच डांगरवाडी. बाहेरच्या माणसाला काठावरून ते दिसत नाही, मध्ये झाऊची झुडपं असतात. त्यातल्या एका बेटावर गावानं आपली नऊ म्हातारी माणसं नेऊन ठेवली होती. दिवसा चूल पेटवायची नाही, पुलावरून धूर दिसतो. गावातून कोणी बोलायला जायचं नाही, सोबत आजार येईल. रोज सकाळी एक डोंगा जायचा, डबे वाळूवर ठेवायचा, आदल्या दिवशीचे उचलायचा आणि मागे वळून न पाहता परत यायचा.

पात्रात डोह आहेत, अंधारात डोंगा घालू नका, असं हवालदार म्हणाला म्हणून उजाडायची वाट पाहिली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला उठवून रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर उभी करायला सांगितली, भोंगा न वाजवता. सकाळी धुकं इतकं होतं की डोंग्याचं पुढचं टोक दिसेना. भाऊ मागे उभा राहून बांबूनं रेटत होता. मी, बहीण आणि हवालदार मध्ये उकिडवे बसलो होतो. पाण्याचा आवाज सोडला तर कुठलाच आवाज नव्हता.

डोंगा वाळूला लागला. मी उतरलो. दहा पावलांवर धुक्यात माणसं दिसली. ओळीनं बसलेली, घोंगड्या आणि लुगडी डोक्यावरून ओढलेली, तोंड नदीकडं. आम्ही इतक्या जवळ आलो तरी एकानंही मान वळवली नाही. मी खाकरलो. "राम राम" म्हटलं. काही नाही. हवालदार माझ्या मागे येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याचा श्वास मानेला लागत होता.

शेवटी टोकाच्या म्हाताऱ्यानं हळूच डोकं वर केलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या टोपीकडं बघितलं, आणि विचारलं, "साहेब, आमी दिसून राह्यलो का तुमाले?"

मी गुन्हेगारांच्या तोंडचं काय काय ऐकलं आहे. असा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. मी नुसती मान हलवली. तो शेजारच्या म्हातारीला म्हणाला, "दिसतो म्हणते."

आठ मोजले. मुलगी तोवर झोपड्यांकडं धावली होती. एकेका झोपडीत वाकून आईला हाका मारत होती. आधी माय म्हणून. उत्तर येईना तेव्हा नावानं, मोठ्यानं. आईला नावानं हाक मारणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. शेवटच्या झोपडीतून आवाज आला.

"हळू बोल बाई. इथी नाव घेत नाई."

म्हातारी तणसावर पडून होती. अंग तापानं फणफणलेलं, छाती भात्यासारखी चाललेली. लेक तिच्या उशाशी बसून म्हणाली, "काऊन नाव नाई घेत माय?"

"ज्याचं नाव घेतलं त्याले नेते." मग थांबून थांबून तिनं जे सांगितलं ते मी त्याच दिवशी डायरीत उतरवून घेतलं होतं. "पह्यले दोन दिवस आमी लय हासलो. आपण मेलो म्हणून. मंग डोंगा येते, डबा ठेवते, अन् पलटून पाहत नाई. माहा पोरगा भी नाई पाहत. पितराले पान ठेवून येते तसं. रोज तसंच. मंग कोणी बोलेनासं झालं. मले वाटे, का मालूम, खरंच मेलो असन. म्हणून लेकीले फोन लावून पाह्यला. उचलते का नाई पाहू म्हटलं."

भाऊ झोपडीच्या दारात उभा होता. आत यायला त्याला पाय उचलत नव्हता. डबे रिकामे कसे येत होते, तेही कळलं. हिला चार दिवसांपासून घास उतरत नव्हता, हिचा डबा बाकीचे वाटून खात होते. खाली डबा पाहून गाव समजत होतं, सगळं ठीक आहे.

तिला उचलून डोंग्यात घातलं. दुसऱ्या फेरीत एका म्हाताऱ्याला, त्यालाही ताप होता. बाकी सात जणांची तपासणी डॉक्टरनं वाळूवरच केली आणि ते सुखरूप घरी गेले. पण त्यांना उठवायला फार वेळ लागला. प्रत्येकाच्या घरचं माणूस आणून, समोर उभं करून, नावानं हाक मारायला लावली, तेव्हा एकेक जण उठला.

दवाखान्यात नवाच तमाशा. दाखल करायला आधार क्रमांक टाकला तर संगणक ही बाई मयत असल्याचं दाखवतो म्हणून तो कर्मचारी हात वर करून मोकळा. म्हातारी समोर स्ट्रेचरवर खोकत होती आणि हा मला संगणकाचा पडदा दाखवत होता. मी ठाण्याचा कोरा कागद घेतला. सदर महिला आज रोजी माझ्यासमक्ष जिवंत आहे, असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तिला ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर आणायची गरज नव्हती.

वरिष्ठांनी विचारणा केली, गुन्हा का दाखल नाही? खोटी माहिती, निर्बंधांचं उल्लंघन, कलमं भरपूर होती. मी अहवालात लिहिलं, समज देऊन सोडलं, नोंदी दुरुस्त करायला सांगितल्या. वरून नाराजीचा शेरा आला. तो अजून माझ्या सेवापुस्तकात असेल.

नवव्या दिवशी तिला सोडलं. मी शब्द दिला होता म्हणून सरकारी जीप घेऊन स्वतः गेलो. मुलगी बरोबरच होती. निघताना भावाला फोन लावला तर त्याचा फोन बंद लागत होता. दोन दिवसांपासून त्याला दवाखान्याची काहीच खबर नव्हती.

गावाच्या तोंडाशी पोहोचलो. बांबू आता बाजूला केलेले होते. पोलिसांची गाडी लांबून दिसली असावी, अर्धं गाव जमून उभं होतं. भाऊ पुढं आला आणि गाडीपासून बरोबर सहा फुटांवर थांबला. हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता. ठरवून आला होता.

"साहेब, तोंड पाहू द्या."

मी गाडीचं मागचं दार उघडलं.

आतून म्हातारी म्हणाली, "पाह्य ना रे. काऊन दूर उभा आहे?"

तो पळतच आला. मी पलीकडं तोंड करून उभा राहिलो. हवालदारही नदीकडं बघत होता.

त्या आठवड्यात मी जुनी फाईल काढली. मागच्या लाटेत शवागाराच्या बंदोबस्ताला जाताना आम्हाला परिपत्रकांचा गठ्ठा दिला होता, तो ठाण्याच्या कपाटात पडून होता. कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन, अंतर राखून नातेवाइकांना मृताचा चेहरा दाखवायला हरकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. पहिल्याच पानावर, खालच्या बाजूला. मी ते पान तेव्हा वाचलं नव्हतं. रांग मोठी होती आणि 'नियम नाही' म्हणणं सोपं होतं.

लोकांना निर्बंध पाळायला लावले, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. ते करणं माझं कामच होतं आणि त्यानं जीव वाचले असतील. पण तो माणूस आजाराला जितका भ्याला नाही तितका मला भ्याला, आणि त्या भीतीपोटी त्यानं आपली आई वाळूवर नेऊन ठेवली. ही भीती माझ्या त्या एका वाक्यानं त्याच्यात घातली होती, आणि ते वाक्य कुठल्याही नियमात नव्हतं.

हे मी त्याला कधी सांगितलं नाही. निवृत्तीआधी दोनदा त्या रस्त्यानं गेलो, दोन्ही वेळा गाडी थांबवली नाही. त्याला वाचता येत नाही. त्याची बहीण वाचते. तिच्या हाती हे पडलं तर तिनं भावाला वाचून दाखवावं, की बापाचं तोंड पाहायचा त्याला हक्क होता, आणि दारावरच्या साहेबानं तो खोटं सांगून नाकारला.